सवलतीचा कोड आणि दिलेला शब्द

लोकलच्या दारात उभे असाल, बसची वाट बघत असाल किंवा फोन ओट्यावर ठेवून भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं' आणि 'काय म्हणत होतो मी' येतं, ते काढलंय. बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. सवलतीचा कोड. हो, तोच. जेवण मागवताना, सिनेमाचं तिकीट काढताना, जिमची वर्गणी भरताना 'कूपन आहे का?' असा एक चौकोन येतो ना, तो. त्याचा काय इतिहास असणार? मलाही असंच वाटायचं. मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी माझ्याच ताईचं एक लाख शहाऐंशी हजारांचं नुकसान केलं, आणि मग मी हा इतिहास वाचायला बसलो.

आधी ती गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

माझी मावसबहीण नाशिकला बॅडमिंटनचा हॉल चालवते. चार कोर्ट. कर्ज काढून उभा केलेला. कोर्टाचं भाडं तासाला ३०० रुपये, आणि वर्षाची मेंबरशिप १२ हजार. मी बीटेक झालेला, घरात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ओळखला जाणारा, त्यामुळे बुकिंगची वेबसाइट अर्थातच मी केली. चार शनिवार-रविवार खर्ची घातले. दिवाळीला ताई म्हणाली, "नवीन लोकांना पहिलं बुकिंग निम्म्यात देऊ या." मी 'दिवाळी५०' नावाचा कोड केला. धनत्रयोदशी ते भाऊबीज. एका माणसाला एकदाच, फक्त कोर्टाच्या भाड्यावर. सगळं नीट चाललं.

भाऊबीजेला रात्री तिचा फोन. "चार दिवस वाढव ना रे, लोक विचारतायत." आता माझ्या सिस्टीममध्ये संपलेला कोड पुन्हा चालू करायची सोयच नव्हती. मग मी जुन्याची नक्कल करून त्याच नावाचा नवीन कोड बनवला. पोटात फराळ, डोळ्यांवर झोप. त्या नकलेत एक रकाना रिकामा राहिला: 'कशावर लागू'. आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये रिकामा रकाना म्हणजे 'सगळ्यावर लागू'.

कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा कोड वर्षाच्या मेंबरशिपलाही चालतोय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. चार दिवसांत ३१ जणांनी १२ हजारांची मेंबरशिप ६ हजारांत घेतली.

मी म्हटलं, रद्द करू, पैसे परत देऊ, 'तांत्रिक चूक' असा मेसेज टाकू. ताई म्हणाली, "त्यांनी चोरी केली का? भाव आपण लिहिला, त्यांनी दिला." मग थोड्या वेळानं विचारलं, "तुमच्या त्या मोठमोठ्या कंपन्यांचं होतं का रे असं कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. होतं. आणि असं होतं, की ३१ मेंबरशिप म्हणजे काहीच नाही.

कापायचा कागद

'कूपन' हा शब्द फ्रेंच. कापणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. पूर्वी कर्जरोख्याच्या कागदाला छोटे छोटे तुकडे छापलेले असत. व्याजाची तारीख आली की एक तुकडा कापायचा, खिडकीवर द्यायचा, व्याज घ्यायचं. म्हणजे कूपनचा मूळ अर्थ सवलत असा नव्हताच. तो होता, 'मी तुझं देणं लागतो, हा तुकडा आण आणि घेऊन जा.' हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

बुकिंगच्या धंद्यात हा तुकडा आणला तो इंग्लंडमधल्या थॉमस कुक यानं. मूळचा सुतारकाम करणारा, दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ ला त्यानं लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी एक खास रेल्वेगाडी नेली. पाचशेच्या आसपास माणसं, जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. रेल्वे कंपनीला एकदम पाचशे गिऱ्हाइकं मिळाली, लोकांना स्वस्तात प्रवास मिळाला. घाऊक गिऱ्हाईक आणून घाऊक सवलत मिळवायची, ही कल्पना इथे अगदी स्वच्छ दिसते.

पुढे १८६८ मध्ये कुकनं हॉटेलची कूपनं काढली. युरोपात फिरायला निघालेल्या इंग्रज माणसानं लंडनमध्येच पैसे भरायचे आणि कूपनं घ्यायची. एक रात्र खोलीचं, एक नाश्त्याचं, एक जेवणाचं. परदेशातल्या हॉटेलात गेलं की कूपन द्यायचं. भाषा येत नाही, चलन कळत नाही, घासाघीस जमत नाही, काही अडत नाही. हॉटेलवाला ती कूपनं गोळा करून कुककडे पाठवणार आणि पैसे घेणार.

आता मी यात प्रोग्रॅमर म्हणून काय बघतो? तीन पक्ष आहेत. कूपन देणारा, वापरणारा, आणि ते स्वीकारून सेवा देणारा. कूपन चालतं कधी? तर स्वीकारणाऱ्याला खात्री असते की आपले पैसे मिळणार. स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलवाल्याचा कागदावर काय विश्वास असणार? विश्वास कुकच्या नावावर.

कुकच्या कंपनीनं १८८१ मध्ये आपल्या मुंबईतही ऑफिस उघडलं. ब्रिटनमधली मूळ कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली, सुट्टीवर गेलेली लाखो माणसं जिथल्या तिथे अडकली. आपल्याकडची थॉमस कुक मात्र तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, ती आजही चालू आहे.

फुकट ग्लास

सवलतीचं कूपन म्हणून जगभर ज्याचं नाव घेतात, ते कोकाकोलाचं. १८८६ मध्ये अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधवाल्यानं हे पेय बनवलं. ग्लासला ५ सेंट. पुढे एसा कँडलर या व्यापाऱ्यानं धंदा ताब्यात घेतला. तेव्हा हे पेय औषधांच्या दुकानात, सोड्याच्या काउंटरवर मिळायचं. कँडलरच्या लोकांनी कागदी चिठ्ठ्या वाटल्या: ही चिठ्ठी दाखवा, एक ग्लास फुकट. दुकानदारांकडून नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते घेऊन टपालानंही पाठवल्या. १८९४ ते १९१३ या काळात सुमारे ८५ लाख ग्लास असे फुकट दिले गेले, असा अंदाज सांगतात.

८५ लाख फुकट ग्लास आणि कंपनी बुडाली नाही. का? हिशोब साधा आहे. एका ग्लासातलं सिरप कंपनीला स्वस्तात पडायचं. चिठ्ठीवर एकच ग्लास मिळायचा, दुसरा पाच सेंट देऊनच. आणि सिरप कितीही बनवता येतं. एकाला फुकट दिलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही.

हा शेवटचा मुद्दा मी पूर्वी कधी नीट धरला नव्हता. ताईच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते आठ चारच कोर्ट आहेत. पाचवं बनवता येत नाही. तो तास तुम्ही अर्ध्या किमतीत दिलात, तर पूर्ण किंमत देणारा माणूस दारातून परत जातो. उलट दुपारी दोन वाजता कोर्ट रिकामंच पडलेलं असतं. त्या तासाला कुणी ५० रुपये दिले तरी ते वरचेच. कुकनंही तेच केलं होतं, रेल्वेच्या जागा घाऊक भरून दिल्या. विमान, हॉटेल, नाटकाचं थिएटर, दवाखान्यातली अपॉइंटमेंट, सगळ्यांचं हेच. वेळ विकणाऱ्यानं कोकाकोलाची नक्कल करू नये. माझ्या 'दिवाळी५०'मध्ये दुपार आणि संध्याकाळ असा फरकच नव्हता.

नसलेली साबणपावडर

अमेरिकेत पुढे कूपनं वर्तमानपत्रांत छापून यायला लागली. कापा, दुकानात द्या, २५ सेंट कमी. दुकानदार ती कंपनीकडे पाठवणार, कंपनी त्याला तेवढे पैसे आणि वर थोडा हाताळणीचा खर्च देणार. इतकी कूपनं व्हायला लागली की ती मोजण्याचाच धंदा उभा राहिला. नीलसन कंपनीनं १९५७ मध्ये कूपन मोजणारं केंद्र काढलं. पोती भरून कागद यायचे, माणसं बसून वेगळे करायची.

आणि जिथे कागदाला किंमत, तिथे फसवणूक आलीच. काही दुकानदार काय करायचे? रद्दीतली वर्तमानपत्रं घ्यायची, कूपनं कापायची, वस्तू विकलीच नाही तरी कंपनीकडे पाठवून पैसे घ्यायचे. पकडायचं कसं? १९७७ मध्ये अमेरिकी टपाल खात्याच्या तपास अधिकाऱ्यांनी भारी डोकं चालवलं. त्यांनी न्यूयॉर्क भागातल्या वर्तमानपत्रांत 'ब्रीन' नावाच्या धुण्याच्या पावडरचं कूपन छापलं. गंमत अशी की ब्रीन नावाची पावडर जगात कुठल्याच दुकानात नव्हती. तरी हजारो कूपनं पैशासाठी परत आली! ज्यानं पाठवलं त्यानं न विकलेल्या, किंबहुना नसलेल्याच वस्तूचे पैसे मागितले.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण आम्ही प्रोग्रॅमर अजूनही हेच करतो. सिस्टीममध्ये मुद्दाम एक खोटी नोंद सोडायची आणि कोण हात लावतं ते बघायचं. शिवाय यातून एक नियम मिळतो. कोड टाकला म्हणजे सवलत लागू, असं नसावं. व्यवहार खरंच झाला का, ज्या वस्तूसाठी कोड होता तीच घेतली का, हे दोन्हीकडून जुळलं पाहिजे. माझा रिकामा रकाना आठवा. माझी सिस्टीम 'कोड खरा आहे का' एवढंच तपासत होती.

तीनशे एकोणपन्नास

आता मुख्य गोष्ट. फिलिपाइन्स, १९९२.

तिथे कोकाकोला खूप पुढे, पेप्सी मागे. पेप्सीनं फेब्रुवारीत 'नंबर फीवर' नावाची योजना काढली. बाटलीच्या झाकणाच्या आत तीन आकडी नंबर आणि सोबत एक सुरक्षा कोड. रोज रात्री टीव्हीवर नंबर जाहीर होणार. जुळला तर बक्षीस, शंभर पेसोपासून थेट दहा लाख पेसोपर्यंत. दहा लाख पेसो म्हणजे तिथल्या सामान्य कामगाराच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढे. अख्खा देश वेडा झाला. लोक झाकणं जपून ठेवायला लागले, कचऱ्यात शोधायला लागले. पेप्सीचा खप भराभर वाढला.

योजना मे महिन्यात संपणार होती. पण एवढी चालतेय म्हटल्यावर कंपनीनं ती जूनपर्यंत वाढवली. ऐकताय ना? मुदत वाढवली. "चार दिवस वाढव ना रे."

वाढीव मुदतीसाठी नवीन नंबर निवडावे लागले. २५ मे १९९२ च्या रात्री टीव्हीवर नंबर आला: ३४९. बक्षीस दहा लाख पेसो.

हिशोबाप्रमाणे दहा लाखांची झाकणं दोनच असायला हवी होती. पण ३४९ हा नंबर आधीच्या टप्प्यात 'न जिंकणारा' म्हणून ठरवलेला होता. आणि न जिंकणारा नंबर किती झाकणांवर छापायचा, याला कोण मर्यादा घालणार? तो छापला गेला होता तब्बल ८ लाख झाकणांवर.

त्या रात्रीचा विचार करा. लाखो घरांत एकाच वेळी आनंद. कुणी मुलीचं शिक्षण ठरवलं असेल, कुणी घर, कुणी सावकाराचं कर्ज. सकाळी पेप्सीच्या कारखान्यांच्या फाटकांवर हीऽऽ गर्दी.

कंपनीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. त्या ८ लाख झाकणांवर ३४९ होता, पण जिंकणाऱ्या झाकणाचा सुरक्षा कोड नव्हता. सिस्टीमच्या लेखी ती झाकणं जिंकलेलीच नव्हती. पण मंडळी, लोकांना टीव्हीवर काय सांगितलं होतं? तीन आकडे. माणसानं आकडा बघितला आणि शब्द मिळाला असं धरलं. डेटाबेसमध्ये काय लिहिलंय हे त्याला कसं कळणार, आणि त्यानं ते का कळून घ्यावं?

कंपनीनं सदिच्छा म्हणून झाकणामागे ५०० पेसो देऊ केले. ४ लाख ८६ हजारांहून जास्त लोकांनी ते घेतले. गुणाकार करून बघा, २४ कोटी पेसोंच्या वर जातो. योजनेच्या ठरलेल्या बक्षिसांपेक्षा कितीतरी जास्त. बाकीचे लोक थांबले नाहीत. मोर्चे निघाले, पेप्सीचे ट्रक जाळले, दगडफेक झाली. फेब्रुवारी १९९३ मध्ये मनिलात एका ट्रकवर हातबॉम्ब टाकला गेला. ट्रकचं राहिलं बाजूला, रस्त्यावरची एक शिक्षिका आणि एक पाच वर्षांची मुलगी गेली. या सगळ्या प्रकरणात किमान पाच माणसं मेली.

खटले हजारोंनी भरले गेले. शेवटी २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनी ही बक्षिसं द्यायला बांधील नाही. चौदा वर्षांनी. कंपनी खटला जिंकली, पण तिथे '३४९' म्हटलं की फसवणूक असा अर्थ लोकांच्या तोंडी बसला होता.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर चूक एका ओळीची. नवीन टप्प्याचा नंबर निवडताना जुन्या टप्प्याची यादी पाळली गेली नाही. माझ्या नकलेत एक रकाना राहिला, त्यांच्या निवडीत एक यादी राहिली. दोन्ही चुका पहिल्या दिवशी झाल्या नाहीत. पहिल्या दिवशी सगळे डोळ्यांत तेल घालून तपासतात. चूक झाली ती मुदत वाढवताना, जेव्हा 'हे तर चालतंच आहे' असं वाटत होतं.

विमान फुकट, झाडू विकत

त्याच १९९२ साली ब्रिटनमध्ये हूवर कंपनीनं, तेच ते व्हॅक्यूम क्लीनरवाले, जाहीर केलं: १०० पौंडांची आमची वस्तू घ्या, विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट. आधी युरोपची, मग थेट अमेरिकेची. अमेरिकेची दोन तिकिटं १०० पौंडांपेक्षा कितीतरी महाग! लोकांनी गरज नसताना क्लीनर घेतले. कित्येकांनी तो खोक्यातून बाहेरही काढला नाही.

कंपनीचा भरवसा कशावर होता? लोक कंटाळतील यावर. फॉर्म भरा, तो पाठवा, मग दुसरा येईल, तो अमुक दिवसांत परत करा, तारखा आणि विमानतळ सुचवा, आम्ही नाकारू शकतो. बरेच जण मध्येच सोडून देतील, असा हिशोब. लोकांनी सोडलं नाही. संघटना केली, कोर्टात गेले. सुमारे २ लाख २० हजार लोक खरंच विमानात बसले, कंपनीला ५ कोटी पौंडांच्या आसपास भुर्दंड पडला, आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातला धंदा कँडी या इटालियन कंपनीला विकला गेला.

खानावळ आणि मूव्हीपास

लोक येणार नाहीत या हिशोबावर मेंबरशिपचे धंदे चालतात, हे तसं उघड गुपित आहे. जानेवारीत जिम भरते आणि मार्चमध्ये ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असतात. पण हा हिशोब उलटला तर?

अमेरिकेत मूव्हीपास नावाची कंपनी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तिनं महिन्याची वर्गणी ९ डॉलर ९५ सेंट केली. त्यात रोज एक सिनेमा. तिथे एका तिकिटाचाच दर सरासरी ९ डॉलरच्या आसपास होता, आणि मूव्हीपास थिएटरला प्रत्येक तिकिटाचे पूर्ण पैसे देत होती. महिन्यात दुसरा सिनेमा बघितला की कंपनी तोट्यात. जून २०१८ पर्यंत सभासद ३० लाखांच्या वर. त्याच जुलैत एका दिवशी थिएटरला द्यायलाच पैसे उरले नाहीत आणि ॲप बंद पडलं; ५० लाख डॉलरचं कर्ज काढून चालू केलं. १४ सप्टेंबर २०१९ ला सेवा बंद.

पण मला खरी चीड आली ती पुढच्या गोष्टीची. २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं आरोप ठेवला, की सर्वांत जास्त सिनेमे बघणाऱ्या ७५ हजार सभासदांचे पासवर्ड कंपनीनं स्वतःच रद्द करून टाकले, वर 'संशयास्पद हालचाल दिसली' असं कारण दिलं. म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमरला सांगितलं गेलं असणार, यादी काढ आणि हे कर. त्या खुर्चीत मी असतो तर नाही म्हटलं असतं का? मी ताईला 'तांत्रिक चूक' असा मेसेज टाकू म्हटलंच होतं की.

याच्या शेजारी आपली पुण्यातली खानावळ ठेवून बघा. शिकायला असताना मी महिन्याच्या कूपनांवर जेवायचो. नियम भिंतीवर पाटीवर लिहिलेले. महिन्याला चारच खाडे मिळतील. खाडा आदल्या रात्री सांगितला तरच धरला जाईल. पाहुण्याचं जेवण वेगळं. रविवारी संध्याकाळी बंद. मागच्या महिन्याची कूपनं पुढच्या महिन्यात चालणार नाहीत. तेव्हा आम्ही त्या पाटीची थट्टा करायचो. आज वाटतं, काय सुंदर सिस्टीम होती! कोणाला, कशावर, कधीपर्यंत, किती वेळा, सगळं स्पष्ट. काकूंना किती पोळ्या लाटायच्या हे आदल्या रात्री कळायचं, आणि मुलाला आपले किती पैसे परत मिळणार ते. खाडा ही सवलतच ना? पण जो तास, म्हणजे जी पोळी, वाचणार आहे त्याचीच सवलत. आणि कोणी चार दिवस जास्त जेवला म्हणून त्याचं नाव कापलं जात नव्हतं.

मग मी काय बदललं?

ऐकणाऱ्यांत बरेच जण छोटे धंदे चालवतात. योगवर्ग, अभ्यासिका, टर्फ, होमस्टे. म्हणून थोडक्यात सांगतो.

आता माझ्या सिस्टीममध्ये रिकामा रकाना म्हणजे 'कशावरच लागू नाही'. विसरलो तर गिऱ्हाइकाचा फोन येईल, पण ताईचं दिवाळं निघणार नाही. मेंबरशिपचे कोड वेगळे, बुकिंगचे वेगळे. एकाचा दुसऱ्यावर चालत नाही, आणि दोन सवलती एकावर एक चढत नाहीत. प्रत्येक कोडला एकूण किती वेळा चालायचा याचा आकडा असतो. तो संपला की कोड आपोआप बंद. सवलत दुपारच्या तासांनाच. मुदत वाढवायची तर त्याच कोडची तारीख बदलायची, नक्कल करायची नाही, आणि वाढवल्यावर दुसऱ्या माणसानं एकदा स्वतः बुकिंग करून बघायचं. हे काम आता ताईची दहावीतली मुलगी करते. माझ्या चुका काढताना तिला भयंकर आनंद होतो.

शेवटचं म्हणजे, कोडच्या अटी गिऱ्हाइकाला दिसतात तिथेच, दोन ओळींत, मराठीत. सिस्टीमला माहीत असलेली अट त्याला माहीत नसेल, तर ३४९ व्हायला वेळ लागत नाही.

आणि त्या ३१ जणांचं? ताईनं सगळ्यांना वर्षभर खेळू दिलं. ज्या जुन्या मेंबरांनी सप्टेंबरात पूर्ण पैसे भरले होते, ते चिडले, आणि बरोबरच होतं त्यांचं. ताईनं हॉलच्या फळ्यावर लिहिलं, की आमच्याकडून चूक झाली, जुन्या मेंबरांना दोन महिने वाढवून देत आहोत. तरी दोघं सोडून गेले. संध्याकाळी सातच्या कोर्टासाठी जानेवारीपर्यंत रोज वाद. मार्चपर्यंत ३१ पैकी १२-१३ जणच नियमित येत होते. पुढच्या दिवाळीत त्यातल्या ९ जणांनी पूर्ण १२ हजार भरले. नुकसान भरून निघालं का? नाही. मी कर्जाचे हप्ते भरतो म्हटलं. ती 'नको' म्हणेल असं वाटलं होतं. तिनं दोन हप्ते घेतले. मला ते बरं वाटलं.

मघाशी म्हटलं ना, कूपनचा मूळ अर्थ लक्षात ठेवा. रोख्याचा कापलेला तुकडा: मी तुझं देणं लागतो. आम्ही प्रोग्रॅमर कोड म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ समजतो. ताईच्या लेखी ते उधारीच्या वहीतलं नाव होतं, तिच्या हातचं. म्हणून तिला त्या रात्री एक क्षणही विचार करावा लागला नाही, आणि मला हा सगळा इतिहास वाचावा लागला.

तुमच्याकडे सवलतीच्या कोडची अशी एखादी फजिती असेल, दिलेली किंवा घेतलेली, तर नक्की कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू. तोपर्यंत, कोड टाकण्याआधी अटी वाचा, आणि कोड बनवणारे असाल तर आधी झोप काढा. भेटू या!